पंचेचाळीसची तबकडी

माझा पाय एका जागी ठरत नाही, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. साखर कारखान्यात वजनकाट्यावर दीड वर्ष काढलं आणि सोडलं. शाळेत तात्पुरता मास्तर झालो, तेही सोडलं. श्रीरामपुरात सायकलच्या दुकानात बसलो, तिथं तर मालकानंच हात जोडले. "सूर्यभानच्या पायावर चक्र हाय," असं माझी आई लोकांना सांगायची. ते सांगताना तिला लाज वाटायची की कौतुक, हे मला कधी कळलं नाही.

पण एकाहत्तर सालच्या चैत्रात मी जो फिरत होतो, त्याला कारण होतं. माझ्या काखेत टॉवेलात गुंडाळलेली एक तबकडी होती. बशीहून जराशी मोठी. तिच्यात चार गाणी होती, दोन या बाजूला, दोन त्या. शब्द माझे, चाली माझ्या, गळा माझा. मुंबईच्या एका कंपनीच्या साहेबांनी मला एका स्पर्धेत बुलबुलतरंगावर गाताना ऐकलं होतं. त्यांना गावरान गाणं हवं होतं, पण गिटार आणि अकॉर्डियन लावून, शहरातल्या कॉलेजच्या पोरांनाही नाचता येईल असं. मी म्हटलं, नाचू द्या की.

तबकडीच्या मधल्या लाल कागदावर 'नमुना' असा शिक्का होता. अशी एकच प्रत त्यांनी माझ्या हातात दिली होती. जिल्ह्यातल्या दुकानदारांनी ऐकून मागणी नोंदवली तर पुढच्या छापायच्या, नाही तर सूर्यभानरावांना रामराम. नगरच्या राधाकृष्ण शेठजींच्या दुकानात बुधवारी दुपारी सगळे रेकॉर्डवाले जमणार होते. तोवर तबकडीला ओरखडा पडू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. आता साध्या कामाचं आणि माझं कधी जमलंय?

गोष्ट अडली ती आईवरून.

आईचं नाव बनुबाई. बाप मी पाळण्यात असतानाच गेला. आईनं मला जात्यावर वाढवलं म्हटलं तरी चालेल, कारण माझं डोकं तिच्या मांडीवर आणि तिचा हात जात्याच्या खुंट्याला. चाली मी तिथंच शिकलो. पुढं गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, तरी तिच्या ओव्या गेल्या नाहीत. विहिरीवर पाणी शेंदताना ती म्हणायची:

विहिरीचं पानी, शेंदू किती बाई
सूर्यभान माझा, घरामंदी न्हाई

आमच्याकडे बाई ओवीत भावाचं नाव घेते, लेकाचं घेते, माहेरच्या गावाचं घेते, देवाचं घेते. स्वतःचं घेत नाही. घेऊ नये असं कुणी सांगितलेलं नाही, पण घेत नाही. शाहीर मात्र शेवटच्या कडव्यात स्वतःचं किंवा गुरूचं नाव हमखास गुंफतो. मग माझा गुरू कोण? म्हणून दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात मी शेवटचं कडवं असं घातलं:

थांब थांब पाया, कितीदा मी म्हणू
उंबऱ्यात बसली, माझी माय बनू

हे कडवं टिकवायला मला मुंबईत भांडावं लागलं. संगीत बसवणारे गृहस्थ एक डोळा घड्याळावर ठेवून होते. गाण्याची आठ कडवी होती, त्यातली पाच त्यांनी काढली आणि सहावं म्हणून हेच काढायला निघाले. मी बुलबुलतरंग खाली ठेवला आणि म्हटलं, मग गाणंच राहू द्या. शेवटी कडवं राहिलं, पण वेळेत बसावं म्हणून गाणं पळवलं. जात्याच्या चालीचं गाणं मी टांग्याच्या घोड्यासारखं गायलो. वाईट वाटलं. पण नाव राहिलं होतं, आणि ते नाव आईच्या कानावर पडावं यासाठी मी बाकीचं सगळं पोटात घातलं.

आणि आईला तर ऐकायला येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिला टायफॉइड झाला, तेव्हापासून कान गेल्यातच जमा. शेजारी बसून ओरडलं तर चार शब्द कळत. ओरडून गाणं म्हणता येत नाही, मी करून पाहिलं होतं. ती म्हणाली, "का रं वराडतो? काय झालं?"

रविवारी मी तिला घेऊन नगरला गेलो. सावेडीला तेव्हा नुकते बंगले उठत होते, आणि त्यातल्या एकात माझा शाळेतला मित्र राहायचा. त्याच्याकडे विजेवरचा नवा रेकॉर्ड प्लेअर होता. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. सतरंजीवर न बसता ती थेट त्या पेटीला कान लावून बसली, आणि गाणं सुरू झाल्यावर मान डोलवायला लागली.

मी तिच्या मानेकडे बघत होतो. माझी आई ताल चुकत नाही. झोपेतसुद्धा चुकणार नाही. आणि ती चुकीच्या ठिकाणी मान डोलवत होती. गाणं संपलं तरी दोनदा डोलवली. मग म्हणाली, "छान हाय."

परतीच्या एसटीनं राहुरी मागं टाकली. मग आई माझ्या मांडीवरच्या टॉवेलाला हात लावून म्हणाली, "बाया इचारत्यात, काय म्हनलाय तुझा लेक त्याच्यात? मी काय सांगू रं?"

बस चालू असताना उतरून पळत सुटावं असं वाटलं. गाण्यात तिचं नाव आहे, हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगून काय होतं? ते गाण्यातून ऐकायचं असतं.

त्या छोट्या पेटीनं भागणार नव्हतं. आईला ऐकवायचं तर भोंगा पाहिजे. लग्नात चिंचेच्या झाडावर बांधतात तसला, ज्याचा आवाज कालव्यापलीकडच्या वस्तीवर जातो. भोंगा म्हटलं की बेलापूरचे कारभारीतात्या. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांच्या भोंग्याशिवाय लागत नसे. मंगळवारी आमच्याच गावात त्यांचं सामान अजून पडलेलं होतं, सोमवारच्या लग्नाचं. मी सकाळीच जाऊन त्यांना गाठलं. ते बाजेवर बसून बॅटरीच्या तारा पुसत होते.

मी टॉवेल उघडला. त्यांनी तबकडी काठाला दोन बोटं लावून उचलली, उन्हात तिरकी धरली, आणि परत टॉवेलावर ठेवली.

"ही न्हाई वाजायची."

"का?"

"ही मिन्टाला पंचेचाळीस फेरे घेनारी, पंचेचाळीसची. माझं मशीन अठ्ठ्याहत्तरचं. चावीचं. त्याच्यावर ही लावली तर तुझा आवाज चिमणीवानी येईल." मग त्यांनी पिनांची डबी उघडून दाखवली. "आन् ह्या पिना बघ. लोखंडाच्या. त्या जुन्या काळ्या रेकॉर्डी दगडावानी, त्यास्नी काय व्हत न्हाई. ही पडली मेनावानी. एका मास्तरानं हट्ट केल्ता, एकदाच लावली. दुसऱ्या टायमाला नुसती खरखर."

"एकदा वाजंल ना?"

"एकदा वाजंल. कशी वाजंल ते इचारू नको."

मी तबकडी गुंडाळली आणि निघालो. निघालो म्हणजे कालव्यापर्यंत गेलो. भंडारदऱ्याचं पाणी त्या दिवशी सुटलेलं होतं, काठानं गढूळ फेस चालला होता. तिथून परत फिरलो, पुन्हा अर्ध्यातून कालव्याकडे गेलो. असे किती फेरे झाले, मोजले नाहीत. उद्या बुधवार. ही तबकडी गेली तर दुकानदार काय ऐकणार? तीस वर्षांचा झालो होतो. हातात धरून दाखवता येईल असं मी आयुष्यात हे एकच केलं होतं. दुसरी प्रत मागायला मुंबईला गेलो असतो, तर साहेबांनी दारातूनच वाटेला लावलं असतं.

आणि दुसरीकडे आई, बायांना काय सांगू म्हणून विचारणारी.

मला माझाच राग आला. ज्या बाईच्या चालीवर मी मुंबईला जाऊन आलो, तिच्यासाठी एक तबकडी घालवायला मी असा मागंपुढं करत होतो. उद्या हजार लोकांनी ऐकली आणि तिनं ऐकली नाही, तर ती तबकडी असून नसून सारखीच. हे मनाशी बोललो आणि मग पाय आपोआप कारभारीतात्यांकडे वळले.

"लावा," मी म्हटलं.

"बघ हां. मागनं मला बोल लावायचा न्हाई."

दुपार कलली तेव्हा चिंचेखाली निम्मं गाव जमलं होतं. बोलवायला कुणी गेलं नव्हतं, भोंगा काल उतरवलेला आज परत झाडावर चढला, तेवढं पुरे होतं. आईला भोंग्याच्या तोंडासमोर पाटावर बसवलं. तिच्या शेजारी आमच्या आळीतली दगडाबाई आणि चारपाच बाया. तात्यांनी मशीनला चावी दिली, वेगाचा काटा जेवढा खाली येईल तेवढा आणला, आणि नवी कोरी पिन बसवली.

"तरी बी पळंल," ते म्हणाले.

पळलंच. भोंग्यातून जे बाहेर आलं ते गाणं नव्हतं, चिवचिवाट होता. गिटार म्हणजे कुणी डबा वाजवतंय. पोरं लोळून हसायला लागली. आई कान देऊन ऐकत होती, तिला खरंच ऐकू येत होतं, आणि ती दगडाबाईला मोठ्यानं म्हणाली, "ही पोरगी कोन गातीया?"

मला घाम फुटला. दुसरं कडवं सुरू झालं होतं, पुढचं शेवटचं. मी वाकलो आणि तबकडीखालच्या फिरत्या थाळीच्या कडेला अंगठा लावला. तात्या "अरं अरं" म्हणाले, पण त्यांनी हात धरला नाही. थाळी अंगठ्याला घासत मंदावली आणि चिमणीचा माणूस व्हायला लागला. मग माझाच आवाज, भोंग्यातून, गावावर. थांब थांब पाया. मी दाब जरा वाढवला, आवाज रेड्यासारखा खाली गेला. सैल केला, तो परत वर पळाला. नाव आलं तेव्हा ते अर्धं खाली आणि अर्धं वर, दारू प्यालेल्या माणसानं घेतल्यासारखं गेलं. आणि संपलं.

मी आईकडे बघितलं. तिचा हात गुडघ्यावर होता, पण तो ताल धरत नव्हता.

"शेवटी काय तरी म्हनली ती पोरगी," आई म्हणाली. "समजलं न्हाई. परत लाव."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पिन परत ठेवली. या वेळी आधी खर्रर्र आलं, मग त्याच्या आतून कुठंतरी लांबून गिटार, मग नुसतंच खर्रर्र, भाकरी तव्यावर करपताना खरडावी तसं. दुसऱ्या कडव्यावर पिन एका जागी अडकली आणि तिथंच फिरत राहिली. तात्यांनी हात घालून ती उचलली. लाल कागदाभोवती तबकडी राखाडी झाली होती.

आईनं पदराच्या टोकानं कान पुसला. दोन्ही कान, एकामागून एक. मग खाली बघत म्हणाली, "आता मातर गेलाच गं कान. मगा येत हुतं थोडं, आता तेबी न्हाई."

हे ऐकल्यावर मला राहवेना. तबकडी गेली होती, बुधवार गेला होता, तो माझा प्रश्न. पण तिनं ते तिच्या कानावर घ्यावं? मी तिच्यापुढं उकिडवा बसलो आणि सगळ्या गावादेखत ओरडलो, "कान न्हाई गेला आई. तबकडी गेली. कान चांगला हाय तुझा."

"तबकडी गेली? मग उद्याच्याला रं?"

तेवढ्यात मागं कारभारीतात्या पेटीत काहीतरी धुंडाळत होते, आणि पेटीत तोंड घालूनच ते म्हणाले, "माईक हाय की."

मी वळलो.

"म्हंजे?"

"माईक. नवरदेवाच्या मामाला बोलवाया लागतो, आहेर पुकाराया लागतो, तवा ठिवावाच लागतो."

"तात्या, मग हे सकाळी का न्हाई बोललात?"

"तू कुठं इचारलंस?" ते म्हणाले. "रेकॉर्ड रेकॉर्ड करत आलास. मला वाटलं, रेकॉर्डच लावायची हाय."

मी हसलो की रडलो ते आजही सांगता येणार नाही. बुलबुलतरंग घरी होता, तो आणायलाही मी थांबलो नाही. तात्यांनी माईक तारेला जोडला, त्यावर दोनदा फुंकर मारली, ती झाडावरून वाऱ्यासारखी आली. आई दचकली.

मी गायलो. गिटार नाही, अकॉर्डियन नाही, समोर घड्याळ बघणारं कुणी नाही. जात्याच्या चालीनं, जात्याच्या वेगानं. मुंबईत फेकलेली पाचही कडवी घेतली. दुसऱ्या कडव्याला आईचा हात गुडघ्यावर हलायला लागला. बरोबर समेवर पडत होता. तिसऱ्याला दगडाबाईनं सूर धरला. मी ठरवलं होतं की शेवटच्या कडव्याला आईकडे बघायचं नाही, पण बघितलंच.

थांब थांब पाया, कितीदा मी म्हणू
उंबऱ्यात बसली, माझी माय बनू

तिचा हात थांबला. गुडघ्याच्या वर, हवेतच. तिनं आधी दगडाबाईकडे बघितलं, मग मागच्या बायांकडे, कुणी दुसरी बनू बसली आहे की काय अशी. मग माझ्याकडे.

"माजं नाव घेतलं?"

मी मान हलवली.

"भोंग्यात?"

"तबकडीत पन घेतलं हुतं, आई."

तिनं पदर डोक्यावरून नीट केला आणि पाटावरून उठून लुगड्याची माती झटकली. "त्या पोरीपरीस तूच बरा गातोस," एवढं म्हणून ती घराकडे चालू लागली. बाया तिच्यामागून. कुणीतरी तिला हाक मारली, "ए बनू," आणि हसली. गावात तिला लग्नापासून कुणी नुसतं बनू म्हटलं नव्हतं. रंभाजीची बायको, मग सूर्यभानची आई.

बुधवारी मी पहाटेच तयार झालो. खरडलेली तबकडी टॉवेलात गुंडाळून घेतली. शेठजींच्या दुकानात ती वाजणार नव्हती, पण काय करायचं ते मी रात्रीच ठरवून टाकलं होतं. त्यांच्याकडे माईक नसेल, पण दुकान लहान आहे. दुकानदारांनी ऐकायचंय ना, मग मी आहे की. पहिल्या गाडीनं जायचं, पोचायचं, उभं राहायचं, गायचं. मला घाई झाली होती. माझा स्वभावच तो.

एसटी फाट्यावर थांबते, आणि फाट्याला जायची वाट विहिरीवरून जाते. आई माझ्याआधीच उठून पाण्याला गेली होती. रहाटाची करकर ऐकू येत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. कान गेल्यापासून ती ओवी म्हणायची ती फार मोठ्यानं, आपला आवाज किती लांब जातो हे तिचं तिलाच कळत नसे. मला निरोप घ्यायचा होता, पण मी हाक मारली नाही. मारून ऐकू गेली नसती. आणि ती जे म्हणत होती ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

विहिरीचं पानी, शेंदू किती बाई
सूर्यभान माझा, घरामंदी न्हाई

गेला तं जाऊ द्या, माघारी का आनू
सूर्यभानाची मी, आई हाये बनू

शेवटच्या ओळीला ती जरा अडखळली, पोहरा काठावर टेकवला, आणि तीच ओळ पुन्हा म्हणाली. या वेळी अडखळली नाही. पलीकडच्या वस्तीवर कुणीतरी दार उघडून बाहेर आलं.

मी बाभळीखाली उभा राहिलो. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला, गाडी मिनिटभर थांबली आणि निघून गेली. मी दुसऱ्या गाडीनं गेलो.